कऱ्हाडची सही जुळेना

"फॉरमॅटचं काय एवढं? जेसन घेऊ आणि कामाला लागू." हे वाक्य माझं. मीटिंगच्या वहीत ते तसंच्या तसं लिहिलेलं आहे आणि त्याच्यापुढे नंतर कुणीतरी पेन्सिलीनं उद्गारचिन्ह काढून ठेवलंय. विषय होता मोबाइलवरची पैशांची चिठ्ठी कुठल्या फॉरमॅटमध्ये लिहायची हा; जेसन म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहून संगणकांत फिरवायची एक रीत. त्या दिवशी दुपारी दोनला बसलो आणि चहा यायच्या आत विषय संपला होता. पुढचे सात आठवडे तोच विषय उकरत बसलो.

काम होतं पाटण तालुक्यातल्या एका सहकारी ग्राहक भांडाराचं. नऊ शाखा, त्यातल्या निम्म्या कोयनेच्या खोऱ्यात. पावसाळ्यात तिथली रेंज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. सभासद महिन्याच्या सुरुवातीला पैसे भरून ठेवतात आणि महिनाभर माल नेतात. पूर्वी त्यासाठी छापील कूपनं होती. ती भिजायची, फाटायची आणि एक-दोनदा तर चक्क झेरॉक्स निघाली. आता तेच मोबाइलवर हवं होतं. यूपीआय का नाही, हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनी विचारला. उत्तर एकच: रेंज. रिझर्व्ह बँकेनं २०२२च्या जानेवारीत ऑफलाइन व्यवहारांची चौकट आणली, तेव्हा एका व्यवहाराला २०० रुपयांची मर्यादा होती. महिन्याचा किराणा त्यात बसत नाही. इथे भांडाराचे पैसे भांडाराच्याच शाखांत चालणार होते, बाहेर कुठेच नाही, त्यामुळे परवानगीचाही प्रश्न नव्हता.

रचना साधी होती. सभासदाचा फोन एक चिठ्ठी बनवतो. कोण, कुठल्या शाखेत, किती रुपये, ही कितवी चिठ्ठी. त्यावर फोनमधल्या गुप्त किल्लीनं डिजिटल सही होते (मजकुरात काहीही बदललं तर ती जुळत नाही) आणि चिठ्ठी क्यूआर होऊन पडद्यावर येते. काउंटरवरचा फोन ती वाचतो, सही तपासतो, माल देतो. रेंज आली की दिवसभराच्या चिठ्ठ्या सर्व्हरवर जातात. एकच चिठ्ठी दोन शाखांत चालवली तर काय, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. तो अनुक्रमांकानं आणि मर्यादेनं सोडवला, इथे त्यात शिरत नाही.

आम्ही तिघं. मी. दुसरे आबा, ज्यांची उमेदीची वर्षं बँकांची एटीएम स्विचं, म्हणजे कार्डांचे निरोप इकडून तिकडे पाठवणारी यंत्रं, सांभाळण्यात गेली. आणि तिसरी टीममधली सगळ्यात लहान मुलगी, जिच्या चाचण्यांतून माझा एकही कोड पहिल्या फटक्यात सुटलेला नाही. तिला इथे धाकटी म्हणतो.

पहिला दणका पहिल्याच आठवड्यात बसला आणि तो धाकटीनंच दिला. मी रक्कम रुपयांत ठेवली होती, दशांश चिन्हासकट. तिनं ४.३५ रुपयांची चिठ्ठी बनवली, गुळाचा खडा वजन करून घेतला अशी कल्पना करून. सर्व्हरवर १००नं गुणून पैसे काढले तर उत्तर आलं ४३४.९९९९९९९९९९९९९४. माझा कोड पुढचा अपूर्णांक कापायचा. राहिले ४३४.

"एक पैसा गेला," ती म्हणाली.

"एक पैशानं काय होतंय," असं मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात आबांनी चष्मा कपाळावर चढवला. "भांडाराच्या सेक्रेटरींना सांगशील का हे? तेरीज एक पैशानं चुकली की ते रात्रभर किर्दीवर बसतात. मी बघितलेत असले लोक."

मग आबांनी कागदावर ०००००००००४३५ असं लिहिलं. बारा अंक. आयएसओ ८५८३, पहिली आवृत्ती १९८७ची. कार्ड घासलं की बँकांच्या स्विचांत आजही जो निरोप फिरतो तो याच घराण्यातला. फील्ड चार म्हणजे रक्कम, बारा अंकी, पैशांत, डावीकडे शून्यं, दशांश चिन्ह नाहीच. निरोपात कुठली फील्डं आहेत ते सुरुवातीच्या ६४ बिटांचा नकाशा सांगतो: बिट चालू असेल तर फील्ड आहे, बंद असेल तर नाही. फील्डचं नाव कुठेच येत नाही. चार म्हणजे रक्कम हे दोन्ही बाजूंनी पाठ असायचं.

"आम्ही हे तेव्हाच मिटवलेलं," आबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात हे वाक्य दिवसातून चारदा येतं, पण या वेळी ते खरं होतं. रक्कम पैशांत गेली, पूर्णांक झाली आणि मला वाटलं संपलं.

चाचणीसाठी तीन शाखा घेतल्या होत्या. दहा दिवस सगळं सुरळीत चाललं. अकराव्या दिवशी संध्याकाळी सर्व्हरनं ४३ चिठ्ठ्या परत पाठवल्या. सही चुकीची. सगळ्या एकाच शाखेच्या. काउंटरवर त्याच चिठ्ठ्या बरोबर ठरल्या होत्या, माल गेला होता, आणि सर्व्हर म्हणत होता, ही सही या मजकुराची नाहीच.

शाखेचं नाव होतं कऱ्हाड रस्ता.

मी आधी किल्ल्या तपासल्या. मग घड्याळं. मग शाखेतला फोन बदलायला लावला, बिचारा काउंटरवरचा मुलगा एसटीनं नवा फोन घेऊन गेला. काही फरक नाही. रात्री साडेदहाला आम्ही तिघं सर्व्हरच्या नोंदी पाहत बसलो होतो आणि आबा अचानक म्हणाले, "हे कऱ्हाड नाहीये."

पडद्यावर होतं: कर्हाड. रफार थेट 'हा'च्या डोक्यावर.

"आबा, फॉन्टचा घोळ असेल," धाकटी म्हणाली.

"अगं, माझी सासुरवाडी आहे ती. तो रफार नसतो."

त्यानंतरचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. आपण मराठी लोक 'कऱ्हाड', 'वऱ्हाड', 'सुऱ्या', 'दऱ्या' रोज लिहितो आणि तो आडवा अर्धा र यंत्राच्या पोटात कसा जातो याचा विचार करत नाही. तो दोन रीतींनी जातो. एक, मराठीचा स्वतंत्र 'ऱ' घ्यायचा आणि त्याला हलन्त लावायचा. दोन, साधा 'र', हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य अक्षर. तिसरीही एक वाट आहे, साधा 'र' आणि खाली नुक्ता. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. पण पहिल्या रीतीचं 'कऱ्हाड' सहा चिन्हांचं, १८ बाइटांचं (बाइट म्हणजे संगणकात साठवलेला ० ते २५५ मधला एक आकडा). बाकी दोन्ही सात चिन्हांची, २१ बाइटांची. युनिकोडचे, म्हणजे लिप्यांतल्या अक्षरांना संगणकात आकडे ठरवून देणाऱ्या प्रमाणाचे, नियम पहिली आणि तिसरी रीत एकच मानतात, रूपं एकसारखी करून घ्यायची सोयही देतात. जॉइनरवाली मात्र वेगळीच राहते.

शाखांची यादी भांडारात दोघांनी टाइप केली होती, दोन वेगळ्या कीबोर्डांवर. हे नाव जॉइनरवालं होतं. फोननं ते जसंच्या तसं घेऊन सही केली. सर्व्हरच्या दारात मात्र आम्हीच एक गाळणी बसवली होती: बाहेरून येणाऱ्या मजकुरातली अदृश्य अक्षरं काढून टाका, कुणी खोडसाळपणा करू नये म्हणून. गाळणीनं जॉइनर काढला, कऱ्हाडचं कर्हाड झालं, सर्व्हरनं त्या साफ केलेल्या मजकुराचं पुन्हा जेसन बनवलं आणि त्यावर सही पडताळली. जुळणार कशी?

गाळणी लिहिली होती मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपाय घेऊन आलो. जेसनचं प्रमाण रूप ठरवणारा एक दस्तऐवज आहे, आरएफसी ८७८५, २०२०चा (इंटरनेटच्या तांत्रिक रीती अशा क्रमांकाच्या आरएफसींत लिहिलेल्या असतात). नावं कुठल्या क्रमानं लावायची, आकडे कसे छापायचे, सगळं बांधलेलं. दोन्ही बाजूंनी हेच पाळू. धाकटीनं तो वाचून काढला आणि दुपारी माझ्या टेबलाशी आली. "तुम्ही हा वाचला का? यात अक्षरांना हात लावायचा नाही असं लिहिलंय. कऱ्हाड जसं आलं तसंच राहणार. गाळणी असेल तर पुन्हा तेच."

बरोबर होतं तिचं. आणि मग तिनं दुसरी एक चिठ्ठी दाखवली, ज्यात रक्कम दोनदा लिहिली होती: आधी १०००, मग १०. जेसनच्या प्रमाणात एक नाव एकदाच यावं अशी शिफारस आहे, सक्ती नाही. काउंटरवरच्या फोनमधली लायब्ररी, म्हणजे आम्ही वापरलेला तयार कोड, पहिली रक्कम धरत होती, सर्व्हरवरची शेवटची. म्हणजे माल १० रुपयांचा जायचा आणि हिशेब १० पैशांचा लागायचा. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अजून आठवतो.

इथे कुठेतरी माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही चिठ्ठीच्या अर्थावर सही करत होतो. फोन अर्थाचे बाइट बनवतो, सर्व्हर बाइटांचा अर्थ लावतो, त्या अर्थाचे पुन्हा बाइट बनवतो आणि दोन्ही सारखे निघावेत अशी आशा करतो. सही तर फक्त बाइटांवर असते. पोस्टानं आलेलं पत्र उघडून, वाचून, स्वतःच्या अक्षरात उतरवून मग त्यावरचा अंगठा तपासण्यासारखं हे होतं. यूपीआयमध्ये बँका आणि मधली संस्था यांच्यातले निरोप एक्सएमएलमध्ये, सहीसकट जातात. एक्सएमएलच्या सहीलाही मजकूर आधी प्रमाण रूपात आणावा लागतो. मोठ्या संस्थांना ते झेपतं. आम्ही तिघं होतो.

तेव्हा पहिला निर्णय फॉरमॅटचा नव्हताच. ठरलं ते हे: आत चिठ्ठी काहीही असो, बाहेर ती एक बंद बाइटांची पुडी. सही पुडीवर. आधी आलेल्या बाइटांवर सही तपासायची, मगच पुडी फोडायची. आणि मूळ पुडी कायम जपून ठेवायची, तिची नक्कल नाही.

एवढं ठरल्यावर फॉरमॅटच्या भांडणातला जीव निम्मा गेला. तरी भांडलो. मला प्रोटोबफ हवं होतं, म्हणजे माहिती थेट बाइटांत बांधायची एक रीत. आधीच्या नोकरीत तेच वापरलं होतं, हात बसला होता. गूगलनं ते २००८मध्ये खुलं केलं आणि त्यांचेच कागद सांगतात की एकाच निरोपाचे बाइट दर वेळी तेच निघतील याची हमी नाही. पुडी बंद असल्यावर त्यानं बिघडत नव्हतं. पण रक्कम शून्य आणि रक्कम लिहिलीच नाही, यातला फरक त्यात सहजासहजी कळत नाही, त्यासाठी फील्ड मुद्दाम वेगळं जाहीर करावं लागतं. आणि कुठलं फील्ड काय हे सांगणारी आराखड्याची फाइल नसेल तर नुसते बाइट पाहून फारसं काही समजत नाही. आबांचं म्हणणं, भांडाराच्या ऑडिटरला पाच वर्षांनी चिठ्ठी उघडायची असेल तर तुझी फाइल कुठे शोधायची त्यानं? मला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

आबांचा कल एएसएन.१ या अशाच पण जुन्या रीतीकडे. १९८४पासूनचं, वेबसाइटींची प्रमाणपत्रं आजही त्याच्या डीईआर रूपात असतात, आणि डीईआरमध्ये एका अर्थाला एकच लिहिण्याची रीत. म्हणजे आमचं दुखणं त्यांनी आधीच ओळखलं होतं. पण त्यातली चूक शोधायची वेळ आली तर आमच्यात ते वाचू शकणारे आबा एकटे, आणि आबा दर आषाढात वारीला जातात.

सीबॉर, म्हणजे जेसनसारखंच पण मजकुराऐवजी थेट बाइटांत लिहिणारं, धाकटीनं आणलं. आरएफसी ८९४९, २०२०चा, मूळ २०१३चा. ते तिनं फळ्यावर असं मांडलं. ४३५ पैसे म्हणजे तीन बाइट: २५, १, १७९. पहिला २५ सांगतो की पुढे दोन बाइटांचा धन पूर्णांक आहे. मग १ गुणिले २५६ अधिक १७९. झाले ४३५. तेविसापर्यंतचा आकडा तर एकाच बाइटात मावतो, त्याला पुढे काही लागतच नाही. सहीचे ६४ बाइट सहीचे ६४ बाइट म्हणूनच जातात. जेसनमध्ये त्यांची बेस६४ करून, म्हणजे बाइटांची साधी अक्षरं बनवून, ८८ अक्षरं होत होती. आणि आराखडा हातात नसला तरी कुठलंही साधन पुडी उघडून सांगतं: हा आकडा, हा मजकूर, हे नुसते बाइट.

आबांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कार्डाच्या चिपमध्ये रक्कम सहा बाइटांत असते. ४३५ म्हणजे शून्य, शून्य, शून्य, शून्य, चार, पस्तीस. डंप, म्हणजे कच्च्या बाइटांची नोंद, उघडला की डोळ्यांना दिसते. रात्री दोनला स्विच पडलं की हे २५, १, १७९ कोण वाचणार?"

"आबा, मी वाचेन," धाकटी म्हणाली.

"तू झोपलेली असशील."

आबांचा मुद्दा चुकीचा नव्हता. माणसाच्या डोळ्यांना वाचता येणं हा गुण आम्ही सोडला, आणि तो सोडल्याची किंमत अधूनमधून अजूनही मोजतो. पण सीबॉरमध्ये एक खोडही होती, ती धाकटीनंच काढली. तेच ४३५ कुणी २६, ०, ०, १, १७९ असं चार बाइटांच्या डब्यात घालून पाठवलं तरी ते वैध. आरएफसीत यासाठी निश्चित रूपाचे नियम आहेत: आकडा सगळ्यात लहान डब्यात, किल्ल्या (सहीच्या नव्हेत, प्रत्येक फील्डापुढच्या खुणा) ठरलेल्या क्रमानं. आम्ही तो नियम सक्तीचा केला. पुडी फोडल्यावर तिची पुन्हा बांधणी करून पाहायची. मूळ बाइटांशी जुळली नाही तर चिठ्ठी नाकारायची. सहीसाठी याची गरज नाही हे मान्य. पण दोनदा लिहिलेली रक्कम यातच पकडली जाते.

शाखेचं नाव चिठ्ठीतून काढलं आणि क्रमांक घातला. हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही, याचं माझ्याकडे उत्तर नाही.

खरी गंमत पुढे होती. जुनी जेसनची चिठ्ठी सव्वाचारशे अक्षरांच्या आसपास जायची, म्हणजे मध्यम दुरुस्तीच्या पातळीवर (थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) क्यूआरची सोळावी आवृत्ती, ८१ गुणिले ८१ चौकटी. तडा गेलेल्या काचेवर, शाखेतल्या पिवळ्या बल्बखाली, काउंटरवरचा माणूस फोन पुढे-मागे, पुढे-मागे करत बसायचा आणि रांगेतली बाई म्हणायची, "अरे कूपनच बरं होतं रे." सीबॉरची पुडी निघाली २११ बाइटांची. दहाव्या आवृत्तीत २१३ मावतात, ५७ गुणिले ५७ चौकटी. दोन बाइट शिल्लक! आम्ही भेळ मागवली.

भेळ संपायच्या आत कळलं की चिठ्ठी वाचलीच जात नाहीये. काउंटरवरची लायब्ररी क्यूआरमधून आलेलं सगळं मजकूर समजते. १२७च्या वरचा बाइट दिसला की ही कुठली लिपी असेल याचा अंदाज बांधते, आणि सहीचे जवळपास निम्मे बाइट तसलेच असतात. दोन शाखांत तर स्कॅनरची बंदूक होती. ती कीबोर्डाचं सोंग घेऊन अक्षरं टाइप करते, तिला कच्चे बाइट माहीतच नाहीत.

बेस४५, बाइटांची अक्षरं करायची आणखी एक रीत, मला आठवलं ते माझ्या मावसभावामुळे. तो जर्मनीत असतो. २०२१मध्ये त्याचं युरोपचं कोविड प्रमाणपत्र मी कुतूहलानं उघडून पाहिलं होतं: आत सीबॉर, त्यावर सही, मग आवळून बेस४५ आणि मग क्यूआर. क्यूआरमध्ये आकडे, मोठी रोमन अक्षरं आणि नऊ चिन्हं मिळून ४५ अक्षरांचा एक खास प्रकार आहे, त्यात दोन अक्षरं अकरा बिटांत बसतात. बेस४५ दोन बाइटांची तीन अक्षरं करतं. वाया जवळजवळ काही जात नाही, आणि सगळं बंदुकीला टाइप करता येतं. २११ बाइटांची ३१७ अक्षरं झाली. दहाव्या आवृत्तीत ३११ मावतात.

सहा अक्षरं जास्त. म्हणजे चार बाइट.

त्या चार बाइटांवर आम्ही एक अख्खा शनिवार घालवला. मी म्हणालो किल्ल्या काढून टाकू, नुसती यादी ठेवू, पहिलं सभासद, दुसरं शाखा, तिसरी रक्कम. आबा खूश झाले, कारण हे त्यांचं फील्ड चारच होतं. धाकटी म्हणाली, मग उद्या मधे एखादी गोष्ट घालायची झाली तर? तारखेचे आकडे १९७०पासून मोजण्याऐवजी भांडाराच्या स्थापनेपासून मोजावेत, अशीही एक सूचना आली. ती कुणाची ते सांगत नाही. शेवटी धाकटीनं दोन क्यूआर छापले, दहाव्या आवृत्तीचा ५७ चौकटींचा आणि अकराव्याचा ६१ चौकटींचा, आणि शाखेतल्या सगळ्यात जुन्या फोनवर पन्नास-पन्नास वेळा वाचून पाहिले. काही फरक नव्हता. शनिवार वाया गेला, किल्ल्या राहिल्या.

प्रोटोबफही चाललं असतं, हे मी आजही म्हणतो. पुडी बंद ठेवली की आतल्या भाषेला तेवढा भाव उरत नाही. फक्त आता ते आबांसमोर म्हणत नाही.

नऊही शाखांत नवी चिठ्ठी सुरू होऊन पावसाळा गेला. हेळवाकला एकदा सलग तीन दिवस रेंज नव्हती. चौथ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या आल्या आणि तेरीज जुळली. आबांनी डंप वाचायचं एक छोटं साधन स्वतः लिहिलं, ते २५, १, १७९ घेतं आणि 'चार रुपये पस्तीस पैसे' असं अक्षरी लिहून दाखवतं, चेकवर लिहितात तसं, शेवटी 'फक्त' लावून.

दिवाळीच्या आधी भांडाराच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांनी यादीतलं नाव बदललं होतं. सरकारी कागदावर 'कराड'च आहे, तेव्हा शाखेचं नावही 'कराड रस्ता' करून टाकलं, पाटीसुद्धा रंगवून घेतली. "आता तुम्हाला त्रास नाही," ते म्हणाले. नाव चिठ्ठीतून कधीच गेलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. धाकटीच्या चाचण्यांत मात्र कऱ्हाड अजून आहे, तिन्ही प्रकारचं, एकाखाली एक, आणि नवा माणूस टीममध्ये आला की ती त्याला आधी त्या तीन ओळी दाखवून विचारते, "यात फरक काय?"